आईच्या पेटीतला माल

११ ऑक्टोबर

बारक्या,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. आज ते हाताशी नाहीत. सापडले तर पुढे कधीतरी लिहीन.

मी पोचले. बोट वेळेवर लागली, समुद्र शांत होता, गाडी धक्क्यावर उतरवून रांगेत लावली. कस्टमच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "जाहीर करण्यासारखं काही?" मी म्हटलं, "आईचं शिवणाचं मशीन आणि आईचे कपडे. दोन्ही जुने." ती म्हणाली, "एकदा बघू." मी स्वतःच मागचं दार उघडलं, चादर बाजूला केली आणि पेटीचं झाकण वर केलं.

पेटीत कपड्यांचा एक धागा नव्हता. तंबाखूचे पुडे होते. तळापासून काठापर्यंत, विटा रचाव्यात तसे.

"हे आईचे कपडे?" बाईने विचारलं. मागच्या गाडीतला एक माणूस खिदळला. सबंध नोकरीत मी वर्गात कोणाला असं खिदळू दिलं नाही. काल मान खाली घालून उभी राहिले.

"माझे नाहीत," मी म्हटलं.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"पेटी?"

"माझ्या आईची."

"मग पुडे कोणाचे?"

तुझं नाव ओठांवर आलं होतं. गिळलं. का गिळलं ते मला माहीत नाही, आणि तू त्याचा फायदा घेऊ नकोस. त्यांनी पुडे जप्त केले, एका कागदावर माझी सही घेतली आणि मला सोडलं.

आता एवढंच सांग. शनिवारी सकाळी आपण दोघांनी पेटी गाडीत चढवली तेव्हा ती हलकी होती. तू म्हणालास, "आई गेल्यावर तिची पेटीसुद्धा हलकी झाली." मला ते बोलणं आवडलं होतं. रविवारी निघाले तेव्हा गाडी चढावर धापा टाकत होती. मधल्या वेळात पेटी कोणी भरली? बाबांनी निघताना गाडीच्या मागच्या दारावर थाप मारली आणि म्हणाले, "सांभाळून ने. ओल लागू देऊ नकोस." त्या बिचाऱ्यांना वाटत होतं, आत आईचे कपडे आहेत.

आपल्या गावातलं तंबाखूचं दुकान तू मला न विचारता विकलंस, बाबांना घेऊन समुद्रापलीकडे गेलास आणि म्हणालास, धंदा सोडला, आता फ्रिज दुरुस्त करतो. सोडला, की लपवला?

आणि आईचे कपडे कुठे टाकलेस?

ताई


२ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. इतके दिवस वाट पाहिली आणि आली एकच ओळ. "बाबा रोज विचारतात, माल पोचला का?"

छान. म्हाताऱ्या बापाच्या तोंडून चौकशी करायची युक्ती बरी आहे. उद्या अंगाशी आलं तर म्हणशील, मी कुठे विचारलं, बाबांनी विचारलं. लहानपणी शेजारच्यांची काच फुटली की तू म्हणायचास, "मी नाही, चेंडू गेला." तू अजून तिथेच आहेस.

माल पोचला नाही. कस्टमच्या गोदामात आहे. हवा असेल तर स्वतः येऊन माग.

जप्तीच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे की जप्ती मान्य नसेल तर एका महिन्यात लेखी हरकत घ्यावी. मी घेणार नाही. हरकत घेणं म्हणजे माल आपला म्हणणं. जे माझं नाही त्यासाठी भांडायला मला वेळ नाही. तुला वाटत असेल निवृत्त बाई घरात बसून विणकाम करते. सात शाळांच्या प्रयोगशाळांना परीक्षानळ्या, चंचुपात्रं, भिंगं मी पुरवते, आणि गाडी त्यासाठीच घेतली आहे. तुझ्या पुड्यांसाठी नाही.

एक गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकते. त्या शनिवारी दुपारी मी जे बोलले त्याचा तू असा सूड उगवलास का? मी म्हटलं होतं की बाबांची तब्येत किंवा डोकं जरासं जरी ढासळलेलं दिसलं, तर मी त्यांना इकडे घेऊन येईन. इथे म्हाताऱ्यांसाठी चांगली जागा आहे, बाग आहे, नर्स आहेत. तुमच्या दोन खोल्यांत काय आहे? तू तेव्हा लालबुंद झालास. "बाबा ठणठणीत आहेत," म्हणालास. मलाही दिसले ठणठणीत. दाढी केलेली, शर्टाची बटणं नीट. माझं तेवढंच म्हणणं होतं.

त्यासाठी बहिणीच्या गाडीत चोरीचा माल भरतात का?

ताई


१९ मार्च

बारक्या,

चार महिने लिहिलं नाही. लिहिणारही नव्हते. पण आता प्रकरण तुझ्या-माझ्या रुसव्याचं राहिलं नाही.

करखात्याची नोटीस आली आहे. जप्त तंबाखूवर कराची आकारणी, वर दंड. मी कार्यालयात गेले आणि विचारलं, "माल तुम्ही घेतलात ना? मग कर कसला?" टेबलामागचा माणूस म्हणाला, "माल जाळला, बाई. कर जळत नाही."

माझी एक जुनी विद्यार्थिनी वकील आहे. बीजगणितात कच्ची होती, बोलण्यात पक्की. तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "बाई, जप्तीवर महिन्याच्या आत हरकत घेतली नाहीत. म्हणजे माल विक्रीसाठी होता हे तुम्ही मान्य केलंत, असं कायदा धरून चालतो."

"मी कुठे मान्य केलं?"

"गप्प राहिलात ना."

"गप्प राहणं म्हणजे कबुली?"

"वर्गात तुम्हीच म्हणायचात. फळा पुसला कोणी, असं विचारलं आणि कोणी बोललं नाही, की सगळ्या वर्गाला शिक्षा."

तिला तिथेच उभं करावंसं वाटलं. पण ती पुढचं नीट सांगत होती. कर टाळणं अवघड आहे. दंड मात्र "जाणूनबुजून चोरटी आयात" असं लिहून लावला आहे. पेटीत माल आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं अपिलात पटवता आलं तर तो दंड जाऊ शकतो. पण त्यासाठी माल कोणी ठेवला ते सांगावं लागेल. "नुसतं मला माहीत नाही म्हणून चालणार नाही, बाई. प्रत्येक जण तेच म्हणतो."

आता तुला कळलं असेल मी का लिहिते आहे. तो शब्द, "जाणूनबुजून", शाळांच्या समितीपर्यंत पोचला आहे. समितीच्या अध्यक्षांनी बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "आम्ही तुम्हाला ओळखतो, पण पालक विचारतात. तंबाखूच्या प्रकरणातली गाडी शाळेच्या फाटकातून आत येते, हे बरं दिसत नाही." चाळीस वर्षं मी जे नाव कमावलं, ते चहाच्या कपाएवढं हलकं झालं.

अपील दाखल केलं आहे. सुनावणी मेअखेर. तोपर्यंत तू स्वतःहून खरं सांग. नाहीतर तिथे मी तुझं नाव घेईन. ही धमकी नाही. मी धमक्या देत नाही, तुला माहीत आहे.

ताई


६ एप्रिल

बारक्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आता मला तुझ्या उत्तराची गरज उरलेली नाही.

तपासणीचा अहवाल वकिलीणबाईंनी मिळवला. त्यात म्हटलं आहे की प्रत्येक पुड्यात सफरचंदाच्या सालीचा तुकडा होता. अधिकाऱ्याने त्यावर शेरा मारला आहे: "व्यापारी साठवणुकीची पद्धत." वकिलीणबाईंना अर्थ लागला नाही. मला लागला. तंबाखू कोरडी पडू नये म्हणून बाबा दुकानात साल घालत. बाजूचे दुकानदार ओलं फडकं ठेवत, बाबा साल. आईने सफरचंद चिरलं की साल आपल्याला खायला मिळायची नाही, डब्यात जायची. ही रीत आपल्या घरापलीकडे कोणाला ठाऊक नाही. घरातली माणसं किती? आई गेली. मी इथे. बाबांना तर आता हातात कपसुद्धा तू देतोस, मी पाहिलं.

उरलं कोण?

काल तुझ्या घरी फोन केला. तुझ्या बायकोने घेतला.

"ताई, कशा आहात?"

"मी बरी आहे. तुमच्याकडे सफरचंदं किती लागतात?"

ती म्हणाली, "ताई, मी त्यांना सांगते तुम्हाला फोन करायला."

"मी तुला विचारलंय."

"रोज एक लागतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग फोन बंद झाला. बंद झाला की तू येऊन बंद केलास, कोण जाणे.

रोज एक! म्हणजे धंदा जोरात आहे. बायकोलाही त्यात ओढलंस. ती बरी मुलगी होती.

ताई


२४ एप्रिल

बारक्या,

आज कस्टमच्या गोदामात गेले होते. माल जाळला तरी नमुन्याचे दोन पुडे त्यांनी ठेवले आहेत, आणि अपील करणाऱ्याला ते पाहता येतात. उंच छप्पर, एकच पंखा, सिगारेटच्या खोक्यांच्या भिंती. गोदामाच्या कारकुनाने पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हात लावा, पण खिशात घालू नका." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ उभा राहिला.

पुडा हातात घेतला आणि उलटा करून दोरा पाहिला.

आठवतं? दुकानात सुट्टीच्या दिवशी बाबा आपल्या दोघांना पुडे बांधायला बसवत. दोन घड्या, कोपरा आत, मग अंगठ्याने दाबून दोरा उलट्या बाजूने. माझा पुडा बरा व्हायचा, पण दोरा सैल. तुझा तर कधी जमलाच नाही. कोपरा बाहेर राहायचा आणि तू तो थुंकी लावून चिकटवायचास. बाबा म्हणायचे, "हा पुडा गिऱ्हाइकाने घरी नेईपर्यंत तंबाखूची रांगोळी होईल रस्त्यावर."

या पुड्याचा कोपरा आत होता. दोरा घट्ट, उलट्या बाजूने. असा पुडा बांधणारा माणूस जगात एकच आहे.

म्हणून आजचं हे पत्र. बाबांना तू या वयात कामाला बसवलंस? स्वतः नामानिराळा राहून म्हाताऱ्या बापाच्या हातून चोरीचा माल बांधून घेतलास? मी बागेची जागा सांगितली तेव्हा तू लालबुंद का झालास, ते आता कळलं. बाबा गेले असते तर तुझा कामगार गेला असता.

एक गोष्ट मात्र मला सुटली नाही. मी पुडा उघडला. कागदावर घड्यांच्या रेघा एकावर एक, इतक्या की कागद कापडासारखा मऊ झालेला. तो पुडा किती वेळा बांधला आणि सोडला होता, कोण जाणे. आणि आत तंबाखू नव्हतीच म्हण ना, भुसा होता. पानाचा एक तुकडा शाबूत नाही. कारकून म्हणाला, "बाई, हे फुकट दिलं तरी कोणी घेणार नाही. मी पितो, मला कळतं."

चोर एकच पुडा पुन्हा पुन्हा का सोडून बांधेल? हे गणित माझ्याकडून सुटत नाही, आणि न सुटलेलं गणित मी वहीत ठेवत नाही. उत्तर दे.

ताई


१२ मे

बारक्या,

तुझं पत्र आणि प्रतिज्ञापत्र एकाच पाकिटात मिळालं.

प्रतिज्ञापत्रात तू लिहिलं आहेस की माल तुझा, तूच पेटीत भरलास, ताईला काही माहीत नव्हतं. खाली सही, शिक्का, सगळं. पत्रात लिहिलं आहेस की ते खोटं आहे.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही. तुझ्यावर विश्वास ठेवायची सवय मोडली आहे, आणि ती मोडण्यात माझाही हात असेल. तू लिहितोस की दुकान तू विकलंस ते पैशासाठी नाही. बाबा गिऱ्हाइकाला पुडा द्यायचे आणि मग त्याच्याकडेच तो परत मागायचे. तिकडे गेल्यावर ते दिवसभर दारात उभे राहायचे, "दुकान उघडायचं राहिलं" म्हणत. मग तू उरलेल्या मालाचं खोकं उघडून त्यांच्यापुढे ठेवलंस. ते दिवसभर पुडे बांधतात. संध्याकाळी ते झोपले की तुझी बायको आणि तू सगळे पुडे सोडता, तंबाखू खोक्यात परत टाकता, कागद सरळ करता. सकाळी पुन्हा. गेली तीन वर्षं. आणि रोज एक सफरचंद.

म्हणे मला सांगितलं नाहीस, कारण मी त्यांना बागेच्या जागी नेलं असतं. मी येणार म्हणून दोन दिवस त्यांची दाढी तू केलीस, बटणं तुझ्या बायकोने लावली, आणि खोकं, बांधलेले पुडे न सोडताच, कपाटात ठेवलं. कस्टमचे लोक बाबांना प्रश्न विचारायला येतील या भीतीने तू गप्प बसलास. मी तुला चोर म्हटलेलं तुला परवडलं.

तरी मी पडताळून पाहिलं. शनिवार दुपार आठवली. ते सगळे पुडे भरायला एका माणसाला, एकेक नेत, अख्खी दुपार लागली असती. संध्याकाळी मी सामान आवरत होते, तेव्हाची पाचदहा मिनिटं पुरली नसती. रात्री गाडी कुलपात होती आणि किल्ली माझ्या उशाखाली. आणि अख्खी दुपार तू कुठे होतास? माझ्यासमोर. मी तुझ्यावर ओरडत होते. तुझी बायको दाराशी उभी राहून "हळू बोला" म्हणत होती. दार मीच लावलं होतं, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. आपण बंद दाराआड ते शहाणे आहेत की नाहीत यावर भांडत होतो आणि ते बाहेर एकेक पुडा गाडीत ठेवत होते. गावाकडची गाडी दारात उभी. म्हणजे दुकानाची गाडीच ना.

एवढं साधं गणित. सात महिन्यांत मला सुटलं नाही, कारण उत्तर मी आधीच लिहून ठेवलं होतं.

पण तू म्हणतोस म्हणून मानायचं, हे मला जमत नाही. तू कामावर असशील अशा वेळी काल मी फोन केला. तुझ्या बायकोला सांगितलं, बाबांना दे.

"बाबा, मी बोलतेय."

"कोण, दुकानातून?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"माल पोचला का?"

मी उत्तर दिलं नाही. मला खात्री करायची होती. मी विचारलं, "बाबा, आई कुठे आहे?" हा प्रश्न चांगल्या माणसाने विचारायचा नसतो. मी विचारला.

"आत आहे. आज मशीनचा आवाज नाही तिच्या. कोणीतरी मशीन नेलंय दुरुस्तीला. आलं की शिवायला बसेल. हाक मारू तिला?"

"नको, बाबा."

"बरं. माल पोचला की कळव. पेटी मुद्दाम तिची घेतली, ओल लागत नाही तिच्यात."

मशीन माझ्या खोलीत खिडकीखाली आहे. मी त्यावर परीक्षानळ्यांची खोकी ठेवली आहेत.

आईचे कपडे तुम्हाला कपाटात मिळाले, प्रत्येक कपडा कागदात बांधलेला, सालीसकट, असं तू लिहितोस. ते सोडू नका. तसेच राहू देत.

प्रतिज्ञापत्राचं काय करायचं ते मी ठरवीन.

ताई


३० मे

बारक्या,

सुनावणी झाली. सगळं क्रमाने लिहिते.

बाहेरच्या बाकावर वकिलीणबाई म्हणाल्या, "बाई, भावाचं प्रतिज्ञापत्र सादर केलं की तुम्ही सुटलात."

"आणि तो?"

"तो अडकेल. पण त्यानेच लिहून दिलंय."

"खोटं लिहून दिलंय."

"ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही."

"मी तुला गणित शिकवलं ते यासाठी?"

ती हसली. "गणित मला कुठे आलं, बाई?"

प्रतिज्ञापत्र माझ्या पिशवीतच राहिलं. या पाकिटात परत पाठवते आहे. चुलीत घाल, नाहीतर बाबांना पुडा बांधायला दे. कागद चांगला जाड आहे.

आत तिघं बसले होते. मधले अध्यक्ष, वयाने माझ्याएवढे, सतत खोकणारे. बाजूला करखात्याचा तरुण अधिकारी, कडक इस्त्रीचा. अध्यक्ष म्हणाले, "एक आधीच सांगतो. माल विक्रीसाठी नव्हता, असं म्हणायची वेळ गेली. तो विक्रीसाठी होता असं आम्ही धरून चालणार."

"मला तसं म्हणायचंच नाही," मी म्हटलं. "माल विक्रीसाठीच होता."

वकिलीणबाईंनी माझी बाही ओढली. मी सोडवून घेतली.

"ज्यांनी तो बांधला ते धरून चालतात की दुकान अजून सुरू आहे. ते बंद होऊन तीन वर्षं झाली. कायदाही धरून चालतो, माझे वडीलही धरून चालतात. फरक एवढाच की कायद्याला समोर ठेवलेलं दिसतं. निदान दिसायला हवं."

मग मी नमुन्याचा पुडा मागितला. तिघांच्या टेबलावर तो सोडला, कागद उजेडात धरला, घड्या दाखवल्या. तंबाखू हातावर घेऊन फुंकली, ती उडून अधिकाऱ्याच्या इस्त्रीवर बसली. दिवसा बांधायचे आणि संध्याकाळी सोडायचे, हे सांगितलं. दार कोणी लावलं होतं, तेही सांगितलं. मग पाणी प्यायले.

अधिकारी अंग झटकत म्हणाला, "म्हणजे तुम्ही म्हाताऱ्या वडिलांवर ढकलताय?"

"ढकलत नाही. गाडी माझी होती आणि झाकण न उघडता मी निघाले, तेवढं माझं. वडिलांना विचारायचं असेल तर जरूर जा. ते तुम्हाला खुर्ची देतील, भाव सांगतील, आणि दुरून आलात म्हणून चिमूटभर जास्त घालतील."

अध्यक्ष खूप वेळ खोकले. मग त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "जायचंय तुम्हाला?" तो म्हणाला, "नाही, साहेब."

निकाल दोन आठवड्यांत.

बाबांचं नाव मी घेतलं. तू ते टाळण्यासाठी चोर व्हायला तयार होतास, म्हणून तुला राग येईल. येऊ दे. पण गप्प राहण्याचा काय अर्थ लावतात ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा नाही.

ताई


१४ जून

बारक्या,

निकाल आला. कर कायम. दंड रद्द, आणि "जाणूनबुजून" हा शब्द आकारणीतून वगळला आहे. कर मी हप्त्यांनी भरणार. तू पैसे पाठवशील तर परत पाठवीन, उगाच टपालखर्च नको.

सातपैकी पाच शाळांनी मला ठेवलं. दोन शाळांनी पुढच्या वर्षापासून नाही म्हटलं, त्यातली एक माझी स्वतःची शाळा. समितीच्या अध्यक्षांनी पुन्हा चहा दिला. मी घेतला नाही.

तू लिहितोस की खोक्याच्या तळाशी राहिलेली थोडी तंबाखूही आता भुगा होऊन संपली आणि बाबा रिकाम्या हातांनी बसतात. तुझ्या बायकोने कागद दिले, त्यांनी घड्या घातल्या आणि विचारलं, आत काय भरू? तिने चहाची पूड दिली, त्यांनी वास घेऊन बाजूला सारली. तेवढं त्यांना अजून कळतं, हे ऐकून मला बरं वाटलं.

शनिवारच्या बोटीने येते. गाडीत आईचं मशीन आहे. तेल घातलं आहे, चालतं. आवाज पूर्वीसारखाच येतो, मी तपासला. बाबांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे ठेवू, आणि दिवसातून थोडा वेळ तुझ्या बायकोने किंवा मी चालवायचं. मी काही दिवस राहीन. बाहेरच्या खोलीत झोपेन, पंखा नसला तरी चालेल. तुम्ही दोघं संध्याकाळी पुडे सोडता, तेव्हा मीही बसेन. त्या बागेच्या जागेबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. तूही आठवण करून देऊ नकोस.

आणि तंबाखू घेतली आहे. गडद पानाची, बाबांना आवडते ती, कराचा शिक्का असलेली. पावती पर्समध्ये, वेगळ्या कप्प्यात. तुमच्या बाजूच्या धक्क्यावर खिडकीतला माणूस विचारेल, जाहीर करण्यासारखं काही? या वेळी मी म्हणेन, आहे. झाकण मीच आधी उघडीन.

पेटी आणते आहे. सफरचंदं तू आण.

अनेक आशीर्वाद. पहिल्या पत्रात राहिले होते.

ताई

ता. क. मी येईपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मिळालं की लगेच आत जा आणि बाबांना सांग, माल पोचला.